मज्जासंस्थेचे दुर्मीळ विकार: विचित्र लक्षणापासून निदानापर्यंत

"डोळे फिरवले की मला त्यांचा आवाज ऐकू येतो," असे एखादा रुग्ण सांगतो, तेव्हा नव्या डॉक्टरचा हात केस पेपरवर मानसोपचार विभागाचे नाव लिहिण्यासाठी सरसावतो. पण ते वाक्य शब्दशः खरे असू शकते. आंतरकर्णातील वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवर हाडाचे जे पातळ आवरण असते, त्यात काही जणांच्या बाबतीत फट पडलेली असते आणि त्या फटीमुळे शरीरातले आवाज अवाजवी मोठे होऊन ऐकू येतात. अशा माणसाला स्वतःच्या पावलांचा दणका ऐकू येतो, नाडीचे ठोके ऐकू येतात आणि बुबुळांची हालचालही ऐकू येते. एखादा मोठा आवाज झाला तर त्याचा तोल जातो. लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये या विकाराचे वर्णन केले. कानाच्या हाडाचा बारीक छेदांचा सीटी स्कॅन काढला की फट डोळ्यांना दिसते. मात्र तो स्कॅन काढावा असे सुचण्यासाठी आधी त्या वाक्यावर विश्वास ठेवावा लागतो.

न्यूरॉलॉजी विभागात नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर आणि ज्यांच्याकडे असे रुग्ण सर्वांत आधी येतात ते सामान्य चिकित्सक यांच्यासाठी हा लेख आहे. युरोपात दोन हजारांत एकाहून अधिक लोकांना न होणारा रोग दुर्मीळ धरतात. असे रोग सहा हजारांहून जास्त आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांत मेंदू, मज्जारज्जू, चेता किंवा स्नायू यांना इजा पोहोचते. ती सगळी नावे पाठ करणे कोणालाच शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. गरज असते ती प्रश्न एका ठरावीक क्रमाने विचारण्याची. मी आजवर जी चुकलेली निदाने जवळून पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत ज्ञान अपुरे नव्हते. क्रम मोडला होता.

पहिली पायरी: रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे उतरवा

रुग्ण बोलत असतानाच आपण मनात त्याचे वैद्यकीय भाषांतर करू लागतो आणि केस पेपरवर ते भाषांतरच उतरते. नेमका तिथेच पुरावा हरवतो. "चक्कर येते" हे दोन शब्द घ्या. कोणाला त्यातून आजूबाजूच्या भिंती गरगर फिरतात असे म्हणायचे असते, कोणाला उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते असे म्हणायचे असते, कोणाचा फक्त चालतानाच तोल जातो आणि बसल्यावर काहीच होत नाही, तर कोणाला क्षणभर आपण इथे नाहीच असे वाटते. पहिली तक्रार आंतरकर्णाकडे किंवा मेंदूच्या खोडाकडे बोट दाखवते, दुसरी रक्तदाबाकडे, तिसरी लहान मेंदूकडे किंवा पायांतील संवेदनांकडे आणि चौथी कदाचित आकडीकडे. केस पेपरवर नुसते "चक्कर" लिहिले गेले की पुढचे पाच डॉक्टर तेच वाचून पाच चुकीच्या दिशांना जातात.

"हात माझे ऐकत नाही" हे वाक्यही असेच आहे. यावर रुग्णाला एकच प्रश्न विचारा: "ऐकत नाही म्हणजे नेमके काय होते?" हातात जोर नसेल तर तो लकवा. जोर आहे पण हात भलतीकडे जातो, असे असेल तर समन्वयाचा दोष. जोर आणि समन्वय दोन्ही ठीक असून कुलपात किल्ली कशी फिरवावी हेच हाताला आठवत नसेल, तर शिकलेल्या कृतीची विस्मृती. आणि उजवा हात सदऱ्याचे बटण लावत असताना डावा हात आपणहून ते काढत असेल, तर तो परका हात झाला. दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या महासंयोजी पट्ट्याला इजा झाल्यास, तसेच कॉर्टिकोबेसल विकारात, म्हणजे मेंदूच्या झिजेच्या एका प्रकारात, हे लक्षण दिसते. वाक्य एकच, पण इजेच्या जागा चार.

म्हणून पहिल्या भेटीत पहिली काही मिनिटे मध्ये न बोलता ऐका आणि दोन-तीन वाक्ये अवतरणचिन्हांत लिहा. लक्षण अधूनमधून येत असेल तर घरच्यांना मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. चित्रीकरणात चेहरा आणि दोन्ही हात एकाच वेळी दिसावेत, आणि झटका येऊन गेल्यानंतरची दोन मिनिटेही त्यात यावीत. दोन तासांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, झटका सापडला नाही, पण तीस सेकंदांच्या हलत्या-डुलत्या चित्रफितीने निदान केले, असे मी अनेकदा अनुभवले आहे.

दुसरी पायरी: काळाची रेघ आखा

कागदावर एक आडवी रेघ ओढा. डाव्या टोकाला रुग्ण पूर्णपणे ठणठणीत होता ती शेवटची वेळ लिहा आणि उजव्या टोकाला आजची तारीख. त्यावर लक्षणे मांडत जा. रोग कोणत्या जातीचा आहे हे या रेघेचा वेग सांगतो. काही सेकंदांत किंवा मिनिटांत उद्भवलेला दोष बहुधा रक्तवाहिनीचा असतो किंवा आकडीचा. तास-दिवसांत वाढणारा दोष संसर्गाचा, दाहाचा किंवा विषबाधेचा असतो. आठवडे-महिन्यांत वाढणाऱ्या दोषामागे स्वप्रतिकार विकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणे), गाठ, जीवनसत्त्वांची कमतरता किंवा प्रायॉन रोग (बिघडलेल्या प्रथिनामुळे मेंदू नासणे) असू शकतो. वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जाणारा दोष झिजेचा किंवा आनुवंशिक असतो. याला अपवाद आहेत, पण त्यांचा विचार नियम लावून पाहिल्यानंतरच करावा.

"ठणठणीत होता ती शेवटची वेळ" शोधताना फार मागे जावे लागते आणि तिथे घाई करू नये. तिशीतल्या एका रुग्णाची चाल बिघडलेली आहे, बुद्धीही मंदावली आहे. घरचे सांगतात की त्रास तीन वर्षांचा आहे. पण त्याच्या आईला विचारले की लहानपणी त्याला सतत जुलाब होत असत आणि ऐन तारुण्यात दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, असे कळते. टाचेवरचा स्नायुबंध चाचपला तर तो जाड, गाठाळ लागतो. जुलाब पोटाच्या डॉक्टरांनी पाहिले होते, डोळे नेत्रतज्ज्ञांनी आणि टाच अस्थितज्ज्ञांनी. चारही गोष्टी एकाच कागदावर कधी आल्या नव्हत्या. त्या तशा आल्या की सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस हे नाव समोर येते. यात पित्ताम्ल तयार करणाऱ्या एका विकराची कमतरता असते, रक्तातील कोलेस्टॅनॉलची पातळी वाढलेली असते आणि किनोडीऑक्सिकोलिक आम्लाने उपचार करता येतात. उपचार जितके लवकर सुरू होतील तितका मेंदू वाचतो.

लक्षण ये-जा करणारे असेल तर ते कशाने सुरू होते, किती वेळ टिकते आणि त्या काळात शुद्ध असते का, हे तीन प्रश्न टाळू नका. बाकावरून झटक्यात उठताच एका बाजूचे हातपाय पिळवटतात, एका मिनिटाच्या आत सारे शांत होते आणि शुद्ध पूर्ण असते, असे वर्णन किशोरवयीन मुलाने केले तर तो हालचालीने उद्भवणारा पॅरॉक्सिस्मल डिस्कायनेशिया (अनैच्छिक हालचालींचे झटके) असण्याची शक्यता मोठी असते. पीआरआरटी२ या जनुकातील दोष हे त्याचे एक प्रमुख कारण आहे, आणि कार्बामाझेपिन या आकडीच्या औषधाच्या अगदी लहान मात्रेने झटके थांबतात. मनमोकळे हसताना गुडघे लुळे पडतात, पण शुद्ध जात नाही, असे कोणी सांगितले तर दिवसा झोप आवरत नाही का, ते विचारा; ही नार्कोलेप्सी या झोपेच्या विकारातील कॅटाप्लेक्सी, म्हणजे भावनेच्या भरात स्नायू लुळे पडणे, असू शकते. सकाळी धावणारे मूल संध्याकाळी पाय ओढू लागते आणि झोपून उठले की पुन्हा बरे असते, हे ऐकले की लेव्होडोपा या औषधाला दाद देणारा डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटण्याचा विकार) आठवलाच पाहिजे. अशी काही मुले सेरेब्रल पाल्सीचा शिक्का घेऊन वर्षानुवर्षे काढतात आणि थोड्याशा लेव्होडोपाने चालू लागतात.

तिसरी पायरी: आधी जागा, मग रोगाचे नाव

तपासणी करताना मनात एकच प्रश्न ठेवा: इजा कुठे आहे? मेंदूचे बाह्य आवरण (कॉर्टेक्स), खोलवरचे गाभे, मेंदूचे खोड, लहान मेंदू, मज्जारज्जू, चेतामुळे, चेता, चेता-स्नायू जोड आणि स्नायू, या जागांपैकी नेमकी कोणती? जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये वर्णन केलेली तळपायाची प्रतिक्षिप्त क्रिया आजही एमआरआयच्या आधी सांगते की दोष मेंदू-मज्जारज्जूत आहे की त्याबाहेर. रोगाचे नाव आधी सुचले तर तपासणी त्या नावासाठी पुरावा गोळा करू लागते आणि विरोधात जाणारी खूण नजरेआड होते.

दुर्मीळ विकारांत काही ठिकाणे मुद्दाम पाहावी लागतात, कारण तिथे कोणी पाहत नाही. डोळ्यांची वर-खाली होणारी जलद हालचाल तपासा. ती मंदावली असेल आणि आडवी हालचाल शाबूत असेल, तर तरुण रुग्णात नीमन-पिक सी या पेशींत मेद साचवणाऱ्या आनुवंशिक रोगाचा विचार करावा लागतो. वर एकटक एक मिनिट पाहायला सांगा. पापण्या हळूहळू खाली आल्या तर मायस्थेनियाचा, म्हणजे चेता-स्नायू जोडाच्या आजाराचा, संशय घ्या आणि मिटलेल्या पापणीवर बर्फाची पिशवी दोन मिनिटे ठेवून फरक पडतो का ते बघा. त्वचा, नखे, टाचा आणि ऐकू येणे यांचीही तपासणी करा. रुग्णाला चालायला लावा, आणि तेही तपासणीच्या खोलीतल्या चार पावलांपुरते नव्हे, तर बाहेरच्या लांब मार्गिकेत.

चौथी पायरी: ज्याला उपचार आहे ते आधी

इथे दोन गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात. एक म्हणजे नेहमीच्या रोगाचे विचित्र रूप हे दुर्मीळ रोगापेक्षा अधिक वेळा भेटते. दृष्टी अधू झालेल्या वृद्ध व्यक्तीला रंगीत आकृत्या आणि छोटी माणसे दिसू लागतात, ती खरी नाहीत हे तिला ठाऊक असते, आणि बाकी बुद्धी शाबूत असते. शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत नोंदवलेला हा प्रकार आहे आणि त्यासाठी वेडाची औषधे देण्याची गरज सहसा नसते. पाय बधिर होऊन तोल जाणाऱ्या रुग्णात बी१२ची कमतरता आधी तपासा आणि ती नसेल तर तांब्याची पातळी बघा. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास तांबे कमी होते आणि मज्जारज्जूचा आजार हुबेहूब बी१२च्या कमतरतेसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शक्यतांची यादी करताना ती संभाव्यतेच्या क्रमाने तर लावाच, पण शेजारी एक वेगळी यादी करा: ज्यांवर उपचार आहेत आणि जे निसटले तर कायमचे नुकसान होईल असे रोग. या दुसऱ्या यादीतला रोग कितीही दुर्मीळ असला तरी तो तपासूनच बाजूला काढायचा. त्यातली काही नावे प्रत्येक नव्या डॉक्टरला पाठ हवीत.

विल्सनचा रोग त्यांत पहिला. किनियर विल्सन यांनी तो १९१२ मध्ये मांडला. एटीपी७बी जनुकातील दोषामुळे तांबे शरीराबाहेर पडत नाही आणि ते यकृतात, मेंदूत व डोळ्यांत साचते. शाळेत अचानक मागे पडलेली मुलगी, बिघडलेले अक्षर, लाळ गळणे, बोबडे बोलणे, कंप, चिडचिड, यांतले काहीही पहिले लक्षण असू शकते. चाळिशीच्या आतल्या कोणत्याही रुग्णात हालचालींचा विकार किंवा त्यासोबत वर्तनातला बदल दिसला तर रक्तातील सेरुलोप्लास्मिन (तांबे वाहणारे प्रथिन), चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि स्लिट लॅम्पखाली (नेत्रतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली) डोळे, या तीन तपासण्या कराव्यात. मेंदूची लक्षणे असलेल्या बहुतेक रुग्णांत बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे सापडते. मात्र ते नुसत्या टॉर्चच्या उजेडात दिसले नाही म्हणून नाहीच असे लिहू नका. निदान झाले की सख्ख्या भावंडांना बोलावणे ही तुमची जबाबदारी आहे, कारण प्रत्येक भावंडाला हा रोग असण्याची शक्यता २५ टक्के असते आणि लक्षणांपूर्वी सुरू झालेल्या उपचारांनी तो रोखता येतो.

स्वप्रतिकार मेंदूदाहाचे रोग दुसरे. तरुण स्त्री काही दिवसांत संशयी होते, झोप उडते, असंबद्ध बोलू लागते. मग आकडी येते, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात, ती ताठरून गप्प होते आणि नाडी व रक्तदाब हेलकावे खाऊ लागतात. जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एनएमडीए ग्राहकाविरुद्धच्या प्रतिपिंडांशी या चित्राचा संबंध जोडला. अनेक तरुण स्त्रियांत बीजकोशातील टेराटोमा ही गाठ त्यामागे असते. प्रतिपिंडांची तपासणी नुसत्या रक्तावर न थांबता पाठीच्या कण्यातील पाण्यावरही करावी, कारण काही रुग्णांत ती फक्त तिथेच सापडतात.

त्याच कुळातला एलजीआय१ प्रतिपिंडांचा आजार मात्र सहज निसटतो. पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या हातून पेला पडतो. जवळून पाहा: तोंडाचा एक कोपरा आणि त्याच बाजूचा हात दोन-तीन सेकंद आखडतो, कोपरात वाकतो आणि सुटतो. पुन्हा अर्ध्या तासाने तेच. दिवसातून कितीतरी वेळा. ईईजी बहुधा स्वच्छ, एमआरआयही सुरुवातीला स्वच्छ, आकडीच्या औषधांचा फारसा उपयोग नाही. अनेकांच्या रक्तातील सोडियम कमी असते आणि ते वयाच्या खाती टाकले जाते. या टप्प्यावर स्टेरॉइड दिले तर झटके थांबतात आणि पुढचा स्मृतिभ्रंश टळण्याची आशा असते. हा टप्पा हुकला तर काही आठवड्यांत तोच माणूस घरचा रस्ता विसरून आपल्यासमोर येतो.

पोटात असह्य दुखणे, भ्रम आणि नंतर हातापायांतली शक्ती जाणे, हे त्रिकूट दिसले तर पॉर्फिरिया या चयापचयाच्या विकारासाठी झटका चालू असतानाच लघवीतील पॉर्फोबिलिनोजेन तपासा आणि नमुना उजेडापासून झाकून पाठवा. लहान मुलात उपाशीपोटी आकडी येत असेल तर पाठीतील पाणी आणि रक्त यांतील साखर एकाच वेळी मोजा. पाण्यातली साखर अनपेक्षितपणे कमी निघाली तर ग्लुकोजच्या वाहकाची कमतरता आणि तिच्यावरचा कीटोजेनिक (भरपूर स्निग्ध, अत्यल्प पिष्टमय) आहार हे दोन्ही समोर येतात.

पाचवी पायरी: चाचणी पाठवण्यापूर्वी तिचा प्रश्न लिहा

आज एका अर्जावर वीस प्रतिपिंडांची तपासणी मागवता येते आणि नव्या डॉक्टरला त्यात सुरक्षित वाटते. पण गणित करून पाहा. दहा हजार रुग्णांत दहा जणांना खरोखर रोग आहे आणि चाचणी त्या दहाही जणांना पकडते, असे धरू. निरोगी शंभरांपैकी ९९ जणांत ती नकारात्मक येते, म्हणजे चाचणी चांगलीच आहे. तरीही उरलेल्या ९,९९० जणांपैकी सुमारे शंभर जणांचा अहवाल खोटा सकारात्मक येईल. हातात आलेल्या ११० सकारात्मक अहवालांपैकी खरे फक्त दहा. तपासणीआधी लक्षणांवरून संशय जितका बळकट, तितकी या अहवालाची किंमत वाढते. जीएडी या विकराविरुद्धची प्रतिपिंडे कमी प्रमाणात पहिल्या प्रकारच्या मधुमेहातही आढळतात. केवळ त्यावरून मेंदूच्या आजाराचे निदान करणे चूक आहे.

म्हणून प्रत्येक मागणीपत्रावर एक ओळ लिहायची सवय लावा: "हा अहवाल सकारात्मक आला तर मी काय करेन, नकारात्मक आला तर काय?" दोन्हींचे उत्तर सारखेच असेल तर ती चाचणी पाठवू नका. एमआरआय मागतानाही नुसते "मेंदू" असे न लिहिता संशय काय आहे ते लिहा. झपाट्याने वाढणाऱ्या स्मृतिभ्रंशात डिफ्यूजन प्रतिमांवर आवरणाच्या कडेने फितीसारखी चकाकी दिसते का, हे पाहणाऱ्याला सांगितले तर तो ते शोधतो. हीच खूण प्रायॉन रोगाकडे नेते. मात्र असा संशय असतानाही स्वप्रतिकार मेंदूदाह वगळल्याखेरीज घरच्यांना अंतिम शब्द सांगू नये.

सहावी पायरी: जनुक चाचणी कुठे आंधळी असते

एक्झोम तपासणीने, म्हणजे सर्व जनुकांतील प्रथिने घडवणारे भाग एकदम वाचणाऱ्या चाचणीने, या क्षेत्राचे चित्र पालटले, यात शंका नाही. तरीही "एक्झोम नॉर्मल" म्हणजे "आनुवंशिक रोग नाही" असा अर्थ लावणे घातक आहे. जनुकातील काही अक्षरांचा तुकडा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळा पुन्हा पुन्हा आल्याने होणारे रोग नेहमीच्या एक्झोममध्ये बहुधा दिसत नाहीत. हंटिंग्टनचा रोग, फ्रीड्राइश अटॅक्सिया आणि स्पायनोसेरेबेलर अटॅक्सियाचे अनेक प्रकार (अटॅक्सिया म्हणजे तोल आणि समन्वय बिघडणे) याच गटातले आहेत. त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचणी मागावी लागते. तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतील दोष रक्तात वयाबरोबर विरळ होत जातात, म्हणून बहिरेपण, मधुमेह, ठेंगणेपणा आणि रक्तवाहिनीच्या हद्दीत न बसणारे पक्षाघातासारखे झटके, असे चित्र असेल तर लघवीच्या किंवा स्नायूच्या नमुन्यावर ती चाचणी करावी. अशा रुग्णाला व्हॅल्प्रोएट हे आकडीचे औषध देण्याचे टाळावे.

प्रयोगशाळेला लक्षणांची नीट यादी पाठवा. अहवालात "अर्थ अनिश्चित" असा शेरा असलेला बदल हाती आला तर त्याला निदान समजू नका. आई-वडिलांचे नमुने तपासून तो बदल कोणाकडून आला हे आधी पाहा. आणि चाचणीच्या आधी कुटुंबाशी सविस्तर बोला, कारण एका माणसाचा अहवाल त्याच्या भावंडांचे आणि मुलांचेही भविष्य उघड करतो.

सातवी पायरी: "मानसिक आहे" असे लिहिण्यापूर्वी

ही पायरी मी स्वतः एकदा चुकले, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबते. शिकाऊ असताना माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. रस्ता ओलांडताना मध्येच पाय खिळतात, गाडीचा भोंगा वाजला की अंग ओंडक्यासारखे ताठ होऊन त्या पडतात, घरात मात्र भिंतीच्या आधाराने चालतात, अशी तक्रार होती. एमआरआय स्वच्छ होता. मोकळ्या जागेची भीती, असे मी लिहिले आणि त्यांना पाठवून दिले. अनेक महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा माझ्या वरिष्ठांनी काय केले, तर फक्त त्यांच्या कमरेवर तळहात ठेवला. कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू लाकडी फळीसारखे घट्ट होते. पोटही तसेच. त्यांना पुढे वाकायला सांगितले, तरी कमरेची खळी तशीच राहिली. फ्रेडरिक मोर्श आणि हेन्री वोल्टमन यांनी १९५६ मध्ये १४ रुग्णांवरून वर्णन केलेला स्टिफ पर्सन सिंड्रोम तो हाच. जीएडी प्रतिपिंडे फार मोठ्या प्रमाणात आली, ईएमजीत (स्नायूंच्या विद्युत आलेखात) विश्रांतीतही स्नायूंची अखंड हालचाल दिसली आणि डायझेपामने त्या चालू लागल्या. त्यांची भीती खरी होती. पण ती रोगातून आलेली होती, आणि मी तिलाच रोग समजले होते. मी त्यांना हातही लावला नव्हता.

याची दुसरी बाजूही तितक्याच गंभीरपणे शिकायला हवी. कार्यात्मक मज्जाविकार, म्हणजे चेतामार्ग शाबूत असूनही त्यांचे काम बिघडणे, हा खरा आणि वारंवार भेटणारा आजार आहे. त्यात रुग्ण सोंग करत नसतो. मात्र त्याचे निदान "बाकी काही सापडले नाही" म्हणून करायचे नसते, तर त्याच्या स्वतःच्या खुणा दाखवून करायचे असते. १९०८ मध्ये वर्णन झालेली हूव्हरची खूण अशी पाहा: रुग्णाला उताणे झोपवा, दुबळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवा आणि तो पाय खाली दाबायला सांगा, जोर लागत नाही. मग दुसरा पाय अडवून तो वर उचलायला सांगा. आता पहिली टाच आपोआप तुमच्या हातावर जोरात दाबली जात असेल तर चेतामार्ग शाबूत आहे. हातांच्या कंपाबाबत दुसऱ्या हाताने ठेका धरायला लावा; कंप त्या ठेक्याच्या गतीला मिळाला तर तो कार्यात्मक असण्याची शक्यता मोठी. या खुणा रुग्णालाही दाखवा. आपला पाय जोर लावू शकतो हे स्वतः पाहिल्यावर उपचारांवरचा त्याचा विश्वास वाढतो. आणि एकाच माणसात दोन्ही आजार असू शकतात, हे केस पेपरवर लिहून ठेवा.

आठवी पायरी: निदान झाले नाही तर

अनेकदा एवढे सगळे करूनही नाव मिळत नाही. तेव्हा जुन्या फाइलीतले निदान पुढे उतरवत राहणे ही सर्वांत मोठी हानी ठरते. "संशयित" हा शब्द तिसऱ्या भेटीपर्यंत गळून पडतो आणि संशयाचे निदान बनते. फाइलीत दोन रकाने करा: एकात नक्की माहीत असलेले, दुसऱ्यात गृहीत धरलेले. रुग्णाला स्पष्ट सांगा की आजार खरा आहे, कोणकोणते उपचारयोग्य रोग वगळले आहेत आणि कोणत्या नव्या लक्षणाला ताबडतोब परत यायचे आहे. आकडी, वेदना, ताठरपणा, झोप आणि गिळण्याचा त्रास यांवरचे उपचार नावासाठी थांबवू नका. ठरावीक मुदतीने पुन्हा बोलवा, आणि त्या भेटीत जुना निष्कर्ष न वाचता काळाची रेघ नव्याने आखा.

एक्झोमची माहिती साठवलेली असते आणि वर्ष-दोन वर्षांनी ती पुन्हा तपासून घेता येते, कारण दरम्यान नवे जनुक सापडलेले असतात. पन्नाशीनंतर तोल जाऊ लागलेल्या काही रुग्णांना आधीची कैक वर्षे कोरडा खोकला असे. छातीची चित्रे काढून झाली, खोकल्याची औषधे घेऊन झाली, आणि तोल जाण्याशी त्या खोकल्याचा संबंध असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते. २०१९ मध्ये आरएफसी१ जनुकातील वाढलेली पुनरावृत्ती सापडली आणि लहान मेंदू, पायांच्या संवेदना व आंतरकर्ण यांना एकत्र ग्रासणाऱ्या त्या विकाराचे कारण हाती आले. कोरडा खोकला हे त्याचे फार आधी येणारे लक्षण असते, हेही स्पष्ट झाले. ही पुनरावृत्ती नेहमीच्या एक्झोमला दिसत नाही, त्यामुळे या रुग्णांना परत बोलावून वेगळी चाचणी करावी लागली. ज्यांच्या फाइलीत "कोरडा खोकला, २० वर्षे" ही ओळ कोणीतरी लिहून ठेवली होती आणि ज्यांचा संपर्क क्रमांक बदलल्यावर तो दुरुस्त केला गेला होता, त्यांनाच असे शोधून बोलावता येते. दर भेटीला तो क्रमांक विचारून घ्या.